मागच्या सीटवरची झोप

सोमवार, ४ डिसेंबर

चिमणी उठलीच नाही!

शाळेच्या फाटकाशी व्हॅन लावली, दार सरकवलं, रोजच्यासारखी हाक मारली — "चला, आलं स्टेशन, उतरा!" आठ जण डोळे चोळत, दप्तरं ओढत उतरले. चिमणी मागच्या सीटच्या कोपऱ्यात तशीच. मान एका बाजूला. आधी मला हसूच आलं. गालाला हात लावला. हलवलं. पुन्हा हलवलं. मान नुसतीच दुसऱ्या बाजूला कलंडली.

पुढचं नीट आठवत नाही. तिला उचललं एवढं आठवतं. पाच वर्षांची काडीसारखी पोर, पण पोत्यासारखी जड लागली. तशीच पळत पटांगणात नेली. एक चप्पल कुठे गेली कळलं नाही. वॉचमन पाणी घेऊन धावला. मी हाका मारतेय, सगळी शाळा जागच्या जागी उभी! दोन मिनिटं गेली की दहा, देव जाणे. मग तिने माझ्या खांद्यावर भडाभडा उलटी केली आणि भोकाड पसरलं. कुणाच्या उलटीने मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

तिची आई नर्स आहे. ड्युटीवरून तशीच आली, पोरीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. संध्याकाळी तिचा फोन — "आता बरी आहे. सकाळी काही न खाता निघाली होती, त्याने असेल म्हणतात. फिट तर नसेल ना, तेही बघायचंय. पुढच्या आठवड्यात डोक्याची तपासणी."

आज माझं अक्षर तरी कसं आलंय!

मंगळवार, ५ डिसेंबर

आज जे कळलं ते लिहायलाही धीर होत नाही. पण लिहिणार. क्रमाने लिहिणार.

सकाळी चिमणी घरीच. आठ मुलं. प्रश्नोपंत माझ्या शेजारी पुढे बसला. हे नाव मीच ठेवलंय. नऊ वर्षांचा आहे, दर मिनिटाला एक प्रश्न. निघालो आणि दोन मिनिटांत सुरू —

"मावशी, तुमचं डोकं दुखत नाही का?"

"कशाने?"

"गाडीने. मागे बसलं की माझं दुखतं. शाळेत गेल्यावर हळूहळू थांबतं. घरी जाताना परत. रविवारी दुखत नाही."

रविवारी दुखत नाही!

मी म्हटलं, "अरे, मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं ना. मागच्या महिन्यात. तुम्ही म्हणालात, पाणी पी."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

आरशात पाहिलं. मागची सातही डोकी लोंबत होती. सकाळचे साडेसात! जी पोरं घरात पडद्यांना लोंबकळतात, ती सातच्या सात गपगार. ब्रेक कसा दाबला मला माहीत नाही. रस्त्याच्या कडेला घेतलं, दारं सताड उघडली, एकेकाला खाली उतरवलं. जुळ्यांतली मोठी उठेना, तिला कडेवर घेतलं. तिथून शाळा अर्धा किलोमीटर. चालतच नेलं सगळ्यांना, बदकांच्या पिल्लांसारखं एका रांगेत. थंड वाऱ्यात दहा पावलांत त्यांचा कलकलाट सुरू झाला. इतका कलकलाट मी या पोरांचा कधी ऐकलाच नव्हता.

फाटकाशी मिशीवाला उभा. त्याचीही शाळेचीच व्हॅन आहे. "काय बाई, आज पायी वरात?" म्हणाला. हाच माणूस मला रोज विचारायचा, "पाजतेस काय गं पोरांना? अफू? माझ्या गाडीत तर मासळीबाजार असतो." आणि मी? मी फुशारून सांगायचे, "माया लागते त्याला, माया!"

माया!

आया मला सांगायच्या — तुमच्या गाडीत बसलं की कशी शांत होतात हो. बाई तक्रार करायच्या की तुमच्या गाडीतली मुलं पहिल्या तासाला जांभया देतात. मी म्हणायचे, रात्री उशिरापर्यंत टीव्ही बघत असतील. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार!

दुपारची मुलं मिशीवाल्याला न्यायला सांगितली. खिडक्या खाली करून रिकामी व्हॅन दादाच्या गॅरेजवर नेली.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. तीस वर्षं गाड्यांखाली गेली त्याची. मी सांगत होते तेव्हा हसत होता. "ठमे, पोरं गाडीत झोपणारच. गाडी म्हणजे पाळणाच की." पण व्हॅन उघड्यावर लावून इंजिन सुरू केलं, पालथा पडून खाली डोकावला, आणि हसायचा थांबला. वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, काठीला लावून गाडीखाली धरली. धूर बाहेर नेणाऱ्या मधल्या पाइपाशी पट्टी फडफडायला लागली. जणू खालून कुणी फुंकर मारतंय.

"बंद कर," म्हणाला. "आधी बंद कर."

मग त्याने मागची सीट उचलली. तिच्याखालची मॅट काढली. पत्र्याला भोक. माझी मूठ जाईल एवढं! गंजून गंजून जाळी झालेली. त्या भोकातून खालचा तुटका पाइप दिसत होता. सरळ खाली. त्याच्यावर चिमणीची जागा.

"धूर तर कधी दिसला नाही," मी म्हटलं.

"दिसत नाही तोच वाईट. धुराचा वास तरी येतो. त्यातला जो विषारी वायू असतो ना, त्याला ना रंग ना वास. झोप येते. गोड झोप येते. चेहरासुद्धा गुलाबी दिसतो. आणि मग..."

मी विचारलं, मग मला कसं काही झालं नाही? मी तर रोज दोन फेऱ्या मारते.

"तुझी खिडकी उघडी असते ना?"

असते. बारा महिने असते. ड्रायव्हरबाईलाच गाडी लागते, हा आमच्या घरातला जुना विनोद.

दादा माझ्याकडे न बघता हात पुसत म्हणाला, "तुझी उघडी आणि थंडी म्हणून मागच्या बंद. गाडी पळायला लागली की तुझ्या खिडकीतून हवा बाहेर ओढली जाते. आतली हवा कमी पडली की ती खालून येते. भोकातून."

म्हणजे मी ओढत होते. माझ्या एका खिडकीसाठी मी तो वायू पोरांच्या अंगावर ओढत होते!

घरी आल्यावर हे म्हणाले, चहा घेतेस का. मी म्हटलं, नको.

बुधवार, ६ डिसेंबर

चिमणीच्या आईला सकाळीच फोन केला. गाडीत धूर शिरत होता, पाइप तुटलाय, डॉक्टरांना लगेच सांगा. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. नुसतं "बरं."

दादा चिडला. "एकीला सांगितलंस ते ठीक, आजारी आहे पोर. बाकीच्यांना कशाला? पाइप बदलू, पत्रा लावू, विषय संपला. लोक तुला फाडून खातील. उद्या एक मूल बसणार नाही तुझ्या गाडीत."

मी म्हटलं, पाइप मी बदलणार. माझ्या हाताने. तू बाजूला उभा राहा आणि सांग.

त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. फिरलं असेलही. पण आठ महिने मी ही व्हॅन चालवतेय आणि तिच्या पोटाखाली काय आहे ते मला माहीत नव्हतं. ते आता मला हाताने बघायचं होतं.

आज नुसती तयारी. मुलं मिशीवाल्याच्याच गाडीत. गंजलेल्या नटांवर तेल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. नवा पाइप, नवी पॅकिंगं, टांगायची नवी रबरं — दादाने आणून ठेवली.

गुरुवार, ७ डिसेंबर

केलं!

सगळं अंग ठणकतंय, डाव्या कोपराची साल गेलीय, केसांत गंजाचा भुगा. दोनदा डोकं धुतलं तरी निघेना.

इंजिन परवापासून बंद, म्हणून पाइप थंडगार. दादाने तरी हाताने तपासायला लावला. "गरम पाइपाला हात लावलास तर कातडी तिथेच राहील." सपाट फरशीवर गाडी, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. बॅटरीची वायर सोडवली. मग मागची बाजू जॅकने उचलली आणि मी लगेच खाली शिरायला वाकले.

दादाने माझा दंड असा धरला की कळ डोक्यात गेली.

"जॅकवरच्या गाडीखाली? वेडी झालीस?"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. जॅक फक्त उचलायला, म्हणाला. पेलायला नाही. दोन लोखंडी घोड्या आणल्या, चेसिसखाली दोन बाजूंना लावल्या, गाडी त्यांच्यावर टेकवली, आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितली. मग म्हणाला, "आता जा." घोड्यांवर टेकल्यावरही जॅक काढला नाही, तसाच आधाराला ठेवला.

मी खाली गेल्यावर बाहेरून त्याचा आवाज आला, अगदी हळू. "माझा उस्ताद जॅकच्या भरवशावर गेला, ठमे. मी पाना आणायला वळलो होतो. एवढाच वेळ."

तीस वर्षांत ही गोष्ट त्याने घरात कुणाला सांगितलेली नाही! उताणी पडून, नाकासमोर तो गंजका पाइप. "चष्मा दे," म्हटलं.

चष्मा नसता तर आज डोळे गेले असते. पहिला नट फिरवला तोच तोंडावर गंजाचा पाऊस. दोन नट तेलाने सुटले. तिसरा हटून बसला. मी सगळा जोर लावून ओढायला गेले, तर दादा म्हणाला, असा ओढू नकोस, पाना निसटला की हात पत्र्यावर जातो. थोडा मागे, थोडा पुढे, परत तेल. त्याला गोंजार जरा. पाऊण तास गोंजारला. सुटला तेव्हा मी खालूनच आरोळी ठोकली.

मग रबरं. त्यांना साबणाचं पाणी लावलं की सरकतात. पण सायलेन्सरला आधी खालून आधार द्यायचा, नाहीतर सगळं धूड छातीवर. दादाने ठोकळा लावला. शेवटचं रबर सुटलं आणि मधला पाइप माझ्या हातात आला. दोन तुकड्यांत! जोडावरच तुटलेला. आतून काळाकुट्ट.

नवा लावताना दादाचं एकच पालुपद — आधी सगळं ढिलं ठेव. जुनी पॅकिंगं खरवडून काढली, नवी बसवली, नट बोटांनीच फिरवले. पाइप कुठे घासत नाही ना, पेट्रोलच्या नळीपासून लांब आहे ना, ते बघितलं. मग पुढून मागे एकेक आवळला.

गाडी खाली घेतली, ढकलत उघड्यावर नेली, बॅटरीची वायर जोडली, सुरू केली. जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं. एक बुडबुडा नाही. कागदाची पट्टी धरली. हलली नाही. दादा म्हणाला, "माझ्या गॅरेजात ठेवून घेतलं असतं तुला." मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. त्याने हातातला फडका पुढे केला, तेलाने माखलेला. त्यानेच तोंड पुसलं.

तुटका पाइप घरी आणलाय. दादाने विचारलं, भंगार कशाला नेतेस? म्हटलं, रविवारी पालकांना दाखवायला.

त्याने दोन्ही तुकडे गोणपाटात बांधून दिले.

शुक्रवार, ८ डिसेंबर

दादाने भोकावर पत्रा मारला, सीट, मॅट सगळं बाहेर काढून. सगळ्या पालकांना रविवारी घरी यायचे निरोप दिले. "का?" "या, सांगते." आठ वेळा.

रविवार, १० डिसेंबर

आले सगळे. अंगणात खुर्च्या पुरल्या नाहीत. हे माझ्या शेजारी उभे. दादाही आला! न बोलावता. भिंतीला टेकून उभा राहिला.

मी स्टुलावर ते दोन तुकडे ठेवले आणि सांगितलं. काय झालं, कुठून आत येत होतं, माझ्या खिडकीचं सुद्धा. ते गाळलं नाही. "तुमची मुलं शांत नव्हती. त्यांना गुंगी येत होती. मला कळलं नाही. कळायला हवं होतं."

एकदम सगळे सुरू झाले. जुळ्यांचे वडील उठून उभेच राहिले, म्हणाले, पोलिसांत जायला हवं. एक जण म्हणाला, बाईच्या हातात गाडी दिली ही आमचीच चूक. हे पुढे सरकले, मी हात धरला. ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. ऐकलं.

प्रश्नोपंताचे वडील सगळ्यात मागे होते. मोठा धिप्पाड माणूस. स्टुलाजवळ आले, पाइपाच्या तुटक्या तोंडावरून बोट फिरवलं. "डोकं दुखतं म्हणायचा," म्हणाले. "महिनाभर. मी त्याला सोंगाड्या म्हणालो. परवा मारलं." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, खाली बसले. मला वाटलं होतं ते मला मारतील. ते परवडलं असतं.

सगळ्यात शेवटी चिमणीची आई. पुढ्यात येऊन उभी राहिली. "डॉक्टर म्हणतात फिट वगैरे काही नाही," म्हणाली. "ती रोज मागच्या कोपऱ्यात आणि सगळ्यात लहान, म्हणून तिला जास्त लागलं. आठवडाभर मी तिच्या उशाशी बसून फिटची वाट बघत होते." मग माझा हात घट्ट धरला. तो राग होता की आणखी काही, अजून कळत नाही. "पण त्यांना एक माहिती हवीय. हे किती दिवसांपासून होतं?"

दादा भिंतीपासून पुढे आला, तुकडा उचलून उजेडात धरला. "इथे आधी वेल्डिंग मारलेलं आहे. जुनं. म्हणजे ठमीने गाडी घेण्याआधी पाइप एकदा तुटला होता. जोड हल्ली पुन्हा उकललाय, पण कधी, त्याचा अंदाज वेल्डिंग किती जुनं त्यावरून येईल, आणि ते आधीच्या मालकांना विचारल्याशिवाय नाही सांगता यायचं."

विचारून सांगते म्हटलं.

सोमवार, ११ डिसेंबर

चार मुलं आली. पाच नाहीत. जुळी नाहीत, चिमणी अजून घरी. प्रश्नोपंत आला. वडील स्वतः सोडायला आले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, तो लाजून पळाला.

सगळ्या खिडक्या उघड्या. चौघांनी असा धिंगाणा घातला! एकाने दुसऱ्याची टोपी बाहेर फेकली, मला उतरून आणावी लागली. मी ओरडले त्यांच्यावर. पहिल्यांदाच ओरडावं लागलं. शाळेपर्यंत ओरडतच गेले आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मिशीवाला फाटकाशी विचारतो, "तुझ्या दादाचं गॅरेज कुठे म्हणालीस?" मिशी खाली झुकली होती. "सहज. एकदा खालून बघून घ्यावी म्हणतो."

मंगळवार, १२ डिसेंबर

आधीच्या मालकांचा नंबर लागत नाही. कागदपत्रांत घराचा पत्ता आहे.

दादा म्हणाला, मिशीवाल्याचा पाइप ठीक निघाला. एक रबर तेवढं तुटलेलं. मिशीवाल्याने त्याला मिठीच मारली म्हणे!

बुधवार, १३ डिसेंबर

जुळ्यांच्या आईचा फोन. "सोमवारपासून पाठवते. हे नको म्हणतायत, पण मी पाठवते. खोटं बोलला नाहीत तुम्ही."

दिवसभर हे वाक्य घेऊन फिरतेय.

गुरुवार, १४ डिसेंबर

पत्त्यावर जाऊन आले. निवृत्त कारकून, एकटेच राहतात, फार सज्जन. बसा बसा करत पाणी दिलं. पाइपाचं विचारलं. "हो, फार आवाज यायला लागला होता. विकायच्या आधी वेल्डिंग मारून घेतलं. तशी मला गाडी विकायचीच नव्हती हो. पण आई गेल्यावर गाडीत बसवेना. लांबच्या प्रवासाला निघालो होतो. मागच्या सीटवर आई झोपली ती झोपलीच. पोचल्यावर उठवायला गेलो... कसलीही तगमग नाही. चेहरा कसा गुलाबी, टवटवीत! भाग्यवान म्हणतात सगळे. मीही तेच म्हणतो रोज. त्यावरच दिवस जातात माझे."

मग म्हणाले, "का हो, गाडीचं काही निघालं का?"

"नाही," मी म्हटलं. "गाडी चांगली आहे."